दाजींच्या भिंतीवरची रेघ

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका निराश माणूस गोदावरीच्या उत्तरेला तरी दुसरा झाला नसेल. दक्षिणेकडची मी खात्री देत नाही. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. बाकीची माणसं निराश होतात ती घरच्या कारणांनी. पोरगा नापास होतो, छप्पर गळतं, साहेब बदली करतो. दाजींची निराशा नऊ कोटी मैलांवरून यायची. सूर्यावर स्फोट होणार, तिथून विजेनं भारलेला वारा सुटणार, तो दोन-तीन दिवसांत पृथ्वीवर आदळणार आणि माणसानं मोठ्या हौसेनं गावोगाव ताणलेल्या तारा एका दिवसात निकामी होणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका एवढीच होती, की हे होईल तेव्हा कुणाचं लक्ष असेल का. ‘कुणाचं नसेल,’ असं उत्तर तेच द्यायचे आणि पुढ्यातल्या चहावर साय धरेपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचे. अक्काकडं, म्हणजे माझ्या बहिणीकडं, मी जायचो तो घटकाभर मन रमवायला; परत निघताना सायकलवर बसल्याबसल्या वाटायचं, की आता घरी जाऊन तरी काय करायचंय.

दाजी शहरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून, होते, म्हणून दाजींची शाळा उर्दूत सुरू झाली. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि शाळेत मराठी आली. कॉलेजात जावं तर तिथं सगळं इंग्रजीत. ‘चुंबकाला मी आधी मिकनातीस म्हणायला शिकलो, मग लोहचुंबक, मग मॅग्नेट,’ ते म्हणायचे. ‘विज्ञान मला तीनदा शिकवलं आणि तिन्हीदा मास्तर मध्येच बदलून गेले.’ एम.एस्सी.ला असताना त्यांना एका वेधशाळेत नेलं होतं. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारा कागद होता. त्यावर दिवसेंदिवस शहाण्यासारखी चाललेली रेघ एका जागी एकदम खाली कोसळली होती आणि पुढं कितीतरी लांबवर नुसती थरथरत गेली होती. हे काय, असं विचारल्यावर तिथले गृहस्थ म्हणाले, चुंबकीय वादळ. बाहेर त्या दिवशी लख्ख ऊन असणार, माणसं बाजाराला गेलेली असणार, कुणाला पत्ताही नसणार. दाजी त्या कागदासमोर उभे राहिले ते, माझ्या मते, तिथून पुरते बाहेर आलेच नाहीत. असं एक वादळ आपल्या घरात, आपल्या हातानं धरायचं, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती. त्यापेक्षा बढती मागितली असती तर बरं झालं असतं, असं अक्का म्हणायची.

यंत्र त्यांनी घरीच केलं. लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात रेशमी धाग्यानं आडवं टांगलेलं बोटभर लांबीचं चुंबक आणि त्या चुंबकाला चिकटवलेला आरशाचा बारीक तुकडा. दिव्याची एक तिरीप त्या आरशावर पडायची आणि तिथून उलटून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीवर लावलेल्या कागदावर, उजेडाची उभी रेघ उमटायची. चुंबक केसभर वळलं तरी भिंतीवरची रेघ सरकायची. बरणी अक्काच्या आंब्याच्या लोणच्याची होती, आणि धागा तिच्या लग्नातल्या पैठणीच्या पदरातून ओढून काढलेला होता. ‘बाजारातल्या रेशमाला पीळ असतो,’ दाजींनी तिला समजावलं. ‘आणि पैठणीला नव्हता का?’ तिनं विचारलं. ‘तपासून घेतला,’ दाजी म्हणाले. एरवी ही रेघ दिवसभरात ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी इकडून तिकडं जायची आणि संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं जागेवर यायची. वादळ आलं तर ती बोट-दोन बोटं तरी सरकणार, असा दाजींचा अंदाज होता. आमच्या अंदाजाप्रमाणं ती कधीच सरकणार नव्हती, पण दाजींचंही मत मनातून तेच आहे हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

चुंबकाजवळ लोखंड आलं की ते वळतं, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. दाजींनी ती गोष्ट संसाराला लावली. घरातून लोखंडी पलंग गेला, कपाट गेलं, अक्काचं शिवणयंत्र माहेरी म्हणजे आमच्याकडं आलं. तवा आणि विळी यांना स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्याबाहेर येण्याची मनाई झाली. भांड्यांच्या दुकानात दाजी खिशातून चुंबक काढून प्रत्येक वाटीला लावून बघायचे आणि दुकानदार हात जोडून उभा राहायचा. आलेल्या पाहुण्याला दारातच किल्ल्या, चाकू, अडकित्ता आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा लागे. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा हा नियम थोडा सैल सोडा म्हणून अक्कानं आदल्या दिवसापासून विनवलं. दाजींनी सैल सोडलाही. फक्त मुलाच्या वडिलांना त्यांच्या पट्ट्याचं बक्कल पितळी आहे का, एवढंच विचारलं. नव्हतं. ते गृहस्थ अंगानं हडकुळे होते. सगळा कार्यक्रमभर ते एका हातानं पॅन्ट धरून बसले, निघताना नमस्कारही एकाच हातानं केला, आणि पुढं त्यांचा निरोप आला तो नकाराचा. ‘बरं झालं,’ दाजी म्हणाले. ‘लोखंडाचा माणूस दिसला.’ भाचीचं लग्न पुढं दुसरीकडं चांगलं झालं, पण ते तिनं स्वतः जमवलं आणि पाहुण्यांना बापाच्या घरी आणायच्या फंदात पडली नाही.

तेव्हा हे बिऱ्हाड गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत होतं. अक्काला ती जागा जीव की प्राण. खाली उतरलं की कापडाची दुकानं, बांगड्या, ओळखीची माणसं, सणावाराला घासाघीस. दाजींना मात्र ती गल्ली म्हणजे चोवीस तास चालणारी लोखंडाची मिरवणूक वाटायची. सळयांचा हातगाडा गेला की रेघ हलली. कुणी नवी स्कूटर आणली, रेघ हलली. दाजी पहिल्या-पहिल्यांदा हरखून वेधशाळेला कार्ड टाकायचे, की अमुक वारी दुपारी वादळ दिसलं. उत्तर फार सभ्य यायचं : त्या दिवशी आमच्याकडं शांतता होती, आपल्या परिसरात लोखंडाची हालचाल झाली असावी, कृपया बघावं. अशी उत्तरं येता-येता दाजींचा स्वभावच पालटला. रेघ हलली की पूर्वी ते आकाशाकडं बघायचे, आता खिडकीतून खाली बघू लागले. आणि खाली काही ना काही असायचंच.

गल्लीनं त्यांचा छळ केला असं म्हणवत नाही, पण करमणूक करून घेतली. वीज गेली की समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारी, ‘क्यों सर, सूरज पे तूफान आया क्या?’ दाजी गंभीरपणे सांगायचे, ‘नाही, खांबावरचा फ्यूज गेलाय.’ आपल्याला चिडवतात हे त्यांना कळायचं, पण विचारणाऱ्याला चुकीची माहिती देणं त्यांना जमायचं नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं सहज विचारलं, हे वादळ असतं तरी काय. दाजींनी ताटातल्या भाताच्या मुदीभोवती कढीचं गोल आळं केलं. ही मूद म्हणजे पृथ्वी, म्हणाले, ती स्वतःच एक मोठं चुंबक आहे, आणि त्या चुंबकत्वाचं कवच तिच्याभोवती दूरवर पसरलंय. सूर्याकडून वारा आला की कवच त्या बाजूनं दबतं आणि मागं शेपटासारखं ताणलं जातं. शेपूट फार ताणलं की तुटल्यासारखं होऊन विजेनं भारलेले कण आत पृथ्वीकडं फेकतं. ही कढी बघा, असा विजेचा प्रवाह पृथ्वीभोवती फार उंचावर गोल वाहत असतो. वादळात तो फुगतो. त्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या उलट, म्हणून इथं खाली पृथ्वीचं चुंबकत्व तेवढ्यापुरतं कमी भरतं. ध्रुवांकडच्या आकाशात तर विजेच्या नद्या वाहतात आणि तिथलं आभाळ हिरवं-तांबडं होतं. वरचा प्रवाह असा उलटापालटा झाला की खाली जमिनीत आणि तारांत आपोआप प्रवाह उठतो, बॅटरी नको की काही नको. तार जितकी लांब तितका धोका. ‘आणि आपण देशभर तारा जोडत चाललोय,’ असं म्हणून त्यांनी मूद एका बाजूनं दाबली. कढी फुटून पलीकडच्याच्या जिलबीत गेली. शेजारचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, ‘सर, मठ्ठा घेता का?’

शेवटी चुंबकासाठी त्यांनी घर बदललं. हर्सूलच्या अलीकडं, तेव्हा नुसतं माळरान होतं तिथं, लहानसं घर बांधलं. अक्का गुलमंडी सोडताना रडली. नव्या घरी संध्याकाळी दार उघडलं की समोर बाभळी आणि लांबवर तुरुंगाची भिंत. ‘यांनी शिक्षा भोगायला बरोबर जागा शोधली,’ ती मला म्हणाली. दाजी मात्र चार-पाच महिने जवळजवळ आनंदी होते. मग शेजारच्या प्लॉटवर पाटील राहायला आले. दौलताबादकडं त्यांची शेती, मुलं शहरात नोकरीला, माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. त्यांनी पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर दाजींच्या कुंपणाला लावून उभा केला.

मार्च महिन्यात, परीक्षांच्या दिवसांत, एका सोमवारी मी त्यांच्याकडं जेवायला होतो. दाजींना कॉलेजात जायचं नव्हतं. सकाळपासून ते पेपर तपासत पुढच्या खोलीत बसले होते आणि पोरांनी लिहिलेलं वाचून अधूनमधून डोळे मिटून घेत होते. पानं मांडली तेव्हा अक्का म्हणाली, ‘अहो, सकाळी झाडायला गेले तर रेघ कागदाच्या कडेला गेलेली. बघितली का?’

‘तुझ्या केरसुणीचा धक्का लागला असेल,’ दाजी म्हणाले.

‘मी बरणीच्या वाऱ्याला पण उभी राहत नाही.’

जेवण अर्धवट टाकून आम्ही तिघं आत गेलो. रेघ कागदावर नव्हतीच. ती कागद सोडून चुन्याच्या भिंतीवर गेली होती आणि तिथं अस्वस्थ जनावरासारखी मागंपुढं होत होती. मी ती इतकी सरकलेली कधी पाहिली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, हे मी खरं सांगतो. दाजींचा चेहराही क्षणभर कोवळा झाला, हाक मारल्यावर एखाद्या लहान मुलाचा होतो तसा. मग बाहेर धडधड ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर पाटलांच्या प्लॉटवर बोअर घ्यायची गाडी उभी, तिच्यावर लोखंडी पाइपांची चळत. दाजींचा चेहरा मिटला. ‘बघ,’ ते मला म्हणाले. ‘बघून घे, माझं आयुष्य कसं चाललंय.’

ते तसेच उष्ट्या हातानं बाहेर गेले. मी मागं. पाटील गाडीवाल्याशी बोलत होते.

‘पाटील, एवढं लोखंड आणायचं तर एक शब्द सांगायचा.’

‘सर, बोअर हाय ते. लाकडाच्या पाइपानं घेऊ का?’ पाटील म्हणाले. ‘घरात प्यायला पाणी नाय. तुमचं चुंबक पाणी काढून देत असंल तर ही गाडी आत्ता वापस लावतो.’

दाजी खूप बोलले. मराठी संपल्यावर ते उर्दूत बोलले, आणि ते उर्दू पेशकारांच्या घरातलं असल्यामुळं गाडीवाला पोरगा काम थांबवून अदबीनं ऐकत राहिला. पाटीलही शेवटी तापले. तुमच्या बरणीपायी माझ्या सुनांनी हर्सूलच्या तळ्यावरनं हंडे आणायचे का, असं म्हणाले. भांडण वाढू नये म्हणून मी दाजींना धरून आत आणलं. आत अक्का बरणीजवळच उभी होती. ‘अहो, गाडी तर आत्ता आली,’ ती म्हणाली. ‘रेघ सकाळीच गेली होती.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ दाजी म्हणाले. एवढ्या वर्षांत ते तिला असं बोललेले मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी बरणीच्या झाकणावरची, धागा बांधलेली खुंटी हलक्या हातानं फिरवली आणि रेघ ओढून कागदाच्या मधोमध आणून ठेवली. थोड्या वेळानं ती पुन्हा गेली. त्यांनी पुन्हा आणली. संध्याकाळी मी निघेपर्यंत ते हेच करत होते. भिंतीवरून ती रेघ जितक्या हट्टानं पळत होती, तितक्याच हट्टानं ते तिला ताळ्यावर आणत होते.

दोन-तीन दिवसांनी पेपरच्या आतल्या पानावर बातमी आली. सूर्यावर मोठा स्फोट होऊन पृथ्वीवर भयंकर चुंबकीय वादळ आलं होतं. कॅनडातल्या एका अख्ख्या प्रांताची वीज गेली होती, लांबच्या रेडिओची खरखर झाली होती, आणि जिथं कधी दिसत नाही अशा गावांतून लोकांनी तांबडं आकाश पाहिलं होतं. वार सोमवार. मी पेपर घडी करून सायकल काढली आणि हर्सूलपर्यंत जाताना वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

दाजींनी पेपर आधीच वाचला होता. ते त्या खोलीत जमिनीवर बसले होते. अक्कानं मला खुणेनं सांगितलं, की सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. मी शेजारी बसलो. ते बोलले तेव्हा आवाजात चीड नव्हती, रडं नव्हतं, वर्गात बोलतात तसं सावकाश बोलले. ‘यंत्र खरं बोलू शकतं हे मला पटत होतं रे. माझ्या घरात खरं बोलेल, हे नाही पटलं. ते आपलं दिवसभर सांगत होतं आणि मी त्याचा कान पिळून जागेवर बसवत होतो.’ मग अक्काकडं बघून म्हणाले, ‘आणि हिनं सांगितलं होतं.’

अक्कानं चहा पुन्हा गरम करून आणला, आणि तो त्यांनी घेतला.

त्याच संध्याकाळी ते पाटलांकडं गेले. मी बरोबर होतो, कारण ते एकटे जाणार नाहीत असं अक्काला वाटलं. पाटील ओसरीवर बसले होते. दाजी उभ्याउभ्याच म्हणाले, ‘त्या दिवशी तुमच्या गाडीचा दोष नव्हता.’

‘मग कुणाचा व्हता, सर?’

‘सूर्याचा.’

पाटलांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं, सरकून जागा केली. ‘बसा,’ म्हणाले. ‘लई लांबचं भांडण माझ्या अंगावर आणलं व्हतं तुम्ही.’ मग सुनेला हाक मारून पाणी मागवलं. ‘बोअरचं हाय. गोड लागलंय.’ दाजी तांब्याभर पाणी प्यायले. त्यानंतर पाटलांनी ट्रॅक्टर रस्त्याच्या पलीकडं लावायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं.

दाजींनी यंत्र गुंडाळायला काढलं तेव्हा मात्र अक्का आडवी आली. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ‘याच्यापायी मी गुलमंडी सोडली,’ ती म्हणाली. ‘आता माळ्यावर टाकताय व्हय? राहू द्या तिथंच. लोणचं मी चिनी मातीच्या बरणीत घालते.’ यंत्र राहिलं. दाजी रोज बघायचे, पण देवाला न मागता नमस्कार करणारी माणसं असतात, तसं. वेधशाळेला कार्डं टाकणं बंद झालं. ते निवृत्त झाले, भाचीला मुलं झाली, हर्सूलच्या माळावर घरांमागून घरं उठली आणि आमच्या बाजूच्या आकाशात बघण्यासारखं काही उरलं नाही. पुढं काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. दिवा लागला की विझला एवढंच कळे. मग भिंतीवरची रेघ अक्का वाचून सांगू लागली. सुरुवातीला त्यांना बरं वाटावं म्हणून ती थोडं वाढवून सांगायची. ‘आज बोटभर सरकलीय.’ दाजी हसायचे. ‘अगं, एवढी सरकली तर बातमी वाचायला गावात पेपर उरायचा नाही. नीट बघ.’ ती पुन्हा आत जाऊन बघायची आणि नाखुशीनं म्हणायची, ‘दाण्याएवढीच आहे.’ असं होता-होता तिची नजर पक्की झाली.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. दाजींची तब्येत ठीक नव्हती, म्हणून भाऊबीज झाल्यावरही मी तिथंच थांबलो होतो. दुपारची जेवणं झाली, अक्का आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग पदराला हात पुसत दारात उभी राहिली. ‘तीन बोटं,’ ती म्हणाली.

दाजी खुर्चीत ताठ बसले. ‘वाढवून सांगतेस?’

‘नाय.’

‘पाटलांकडं काही जड आलंय का, बघून ये.’

तिचे गुडघे दुखायचे, तरी मला जाऊ न देता ती स्वतः गेली. परत आली ती धापा टाकत. पाटलांच्या घराला कुलूप होतं, सगळे शेतावर गेले होते, ट्रॅक्टरही नव्हता. रस्त्यावर एक शेळी होती.

दाजी खुर्चीतून पुढं झुकले. ‘हात लावू नको,’ ते म्हणाले. ‘कुणीच लावू नका.’ पेपरात दुसऱ्या दिवशी सगळं आलं, उपग्रह बंद पडले, कुठं कुठं वीज गेली, आणि मी ते वाचूनही दाखवलं. पण त्यांनी ते काही फार लक्ष देऊन ऐकलं नाही. त्या दुपारी मात्र त्यांनी आपली खुर्ची आत नेऊन त्या भिंतीसमोर ठेवायला लावली. अक्का शेजारी पाटावर बसली. मी दारात उभा होतो, आणि माझी कुणालाच आठवण नव्हती.

‘आता?’ त्यांनी विचारलं.

‘अजून सरकतेय. थांबली. आता परत फिरली.’

‘दिसतंय ना तुला नीट?’

‘दिसतंय.’

‘मग सांगत राहा,’ दाजी म्हणाले, आणि ती अंधार पडेपर्यंत सांगत राहिली.